डांसांचें परचक्र आणि घरोघरचा पहारा

परचक्राच्या कथा इतिहासांत पुष्कळ आहेत. सैन्य सरहद्दीवर येतें, दवंडी पिटली जाते, वेशी बंद होतात आणि लोक सावध होतात. परंतु गेल्या शतकांत कांहीं परचक्रें अशीं आलीं कीं, त्यांची वार्ता कोणत्याहि वेशीवर पोहोंचली नाहीं. तीं आलीं टपालाच्या जहाजांतून, जुन्या टायरच्या पोकळींतून आणि प्रवाशाच्या मोटारींतून. एका खंडांतील डांस दुसऱ्या खंडांत उतरतो, तेथील पाण्यांत त्याची पैदास सुरू होते, आणि लोकांना त्याची ओळख पटते ती बहुधा आजार घरांत शिरल्यावर. या शत्रूची चाहूल प्रथम कोणाला लागावी, सरकारी तपासणिसाला कीं घरच्या माणसाला, हा प्रश्न ब्राझील आणि स्पेन या देशांत अगदीं निरनिराळ्या रीतींनीं सोडविला गेला. या इतिहासांत मुंबईच्या विहिरींचेंहि एक प्रकरण आहे.

ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावर नाताल हें शहर आहे. आफ्रिकेहून अटलांटिक ओलांडण्याचा मार्ग येथें अगदीं आंखूड होतो. म्हणूनच १९३० च्या सुमारास डकारहून टपाल आणणारीं फ्रेंचांचीं वेगवान जहाजें नातालला लागत असत. त्या वर्षाच्या मार्च महिन्यांत रॉकफेलर फाउंडेशनचे कीटकशास्त्रज्ञ रेमंड शॅनन यांना नातालजवळच्या पाण्यांत कांहीं अळ्या सांपडल्या. त्या ‘अ‍ॅनॉफिलिस गॅम्बिए’ या आफ्रिकेंतील डांसाच्या ठरल्या. बहुधा त्या टपालाच्या जहाजांतूनच तो आला असावा. जपून ठेवलेल्या नमुन्यांची एकविसाव्या शतकांत पुन्हां तपासणी झाली, तेव्हां तो त्याच कुळांतील ‘अरेबिएन्सिस’ असल्याचें दिसून आलें. नांव कोणतेंहि असो, हिवताप पसरविण्यांत या कुळाची बरोबरी करणारे डांस जगांत थोडे.

लौकरच नातालांत हिवतापाची सांथ आली. शहरांतील डांसांचा बंदोबस्त झाला, सांथ ओसरली, आणि शहर सुटलें तशी काळजीहि सुटली. डांस मात्र किनाऱ्याकिनाऱ्यानें पुढें सरकत राहिला आणि अखेर आंतल्या खोऱ्यांत उतरला. १९३८ सालीं जाग्वारिबे नदीच्या खोऱ्यांत तापानें जो कहर केला, त्यांत एक लाखाहून अधिक लोक आजारी पडले. मृतांचा कमींत कमी अंदाजहि १४ हजारांचा आहे.

मग सरकार जागें झालें. १९३९ च्या जानेवारींत या एका कामासाठीं स्वतंत्र खातें निघालें. फ्रेड सोपर यांच्या देखरेखीखालीं सुमारें ४ हजार माणसें पाण्याच्या प्रत्येक सांठ्यावर ‘पॅरिस ग्रीन’ हें विषारी चूर्ण टाकूं लागलीं. घरांत फवारे मारले गेले. बाधित प्रदेशांतून बाहेर पडणाऱ्या मोटारी रस्त्यांत थांबवून त्यांतहि फवारणी होऊं लागली. १९४० संपण्यापूर्वीं तो डांस ब्राझीलमधून नाहींसा झाला. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासांत असे विजय विरळा.

तथापि या विजयाची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. सारी मोहीम पगारी माणसें, कडक शिस्त आणि कायद्याचा हुकूम यांवर उभी होती. रहिवाशानें दार उघडावें आणि तपासणिसास आंत घ्यावें, एवढेंच त्याचें काम. शॅनन यांना अळ्या सांपडल्यापासून खोऱ्यांत मृत्यूचें थैमान सुरू होईपर्यंत आठ वर्षें गेलीं. तेवढ्या अवधींत गांवोगांवच्या लोकांची नजर उपयोगांत आणणारी व्यवस्था उभी राहिली नाहीं.

हुकूम आणि घर यांमधील हें अंतर मुंबईच्या अनुभवास त्याआधींच आलें होतें. मुंबईंतील हिवतापाचा मुख्य वाहक ‘अ‍ॅनॉफिलिस स्टीफेन्साय’. तो परका नव्हे, याच भूमींतला. १९०१ सालीं लिस्टन यांनीं त्याचें शास्त्रीय वर्णन केलें. इतर अ‍ॅनॉफिलिस डांस ओढे, शेतें, दलदली यांच्या आश्रयानें राहतात. हा मात्र शहरवासी झाला. विहीर, हौद, टांकी असें स्वच्छ सांठवणीचें पाणी त्याला मानवतें. १९११ सालीं डॉ. चार्ल्स बेंटली यांच्या अहवालानें शहरांतील हिवतापाचा संबंध विहिरींशीं जोडून दाखविला, आणि त्या बुजवाव्या किंवा झांकाव्या असा आग्रह सुरू झाला. तेव्हां हिंदु आणि पारशी कुटुंबांतून मोठा विरोध झाला. विहीर ही त्यांच्या दृष्टीनें केवळ पाण्याची सोय नव्हती. तिच्या कांठीं दिवा लागे, तिच्या पाण्यावर धर्मकृत्यें चालत. पालिकेच्या सेवेंत असलेले रुस्तम मसानी यांनीं लोकांच्या या भावना समजून घेण्याचा यत्न केला. १९१८ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘फोकलोअर ऑफ वेल्स’ हा ग्रंथ याच वादाच्या पार्श्वभूमीवर जन्मला. नोटीस बजावून झांकण बसवितां येतें. तें रोज बंद ठेवणें मात्र घरच्या माणसाच्याच हातीं असतें, हा त्या प्रकरणाचा धडा होय.

घरच्या माणसाला केवळ आज्ञाधारक न ठेवतां पहारेकरी करण्याचा मोठा प्रयोग त्यानंतर शंभर वर्षांनीं स्पेनमध्यें झाला. त्याला निमित्त झालें एका पट्टेरी डांसाचें. ‘टायगर’ या नांवानें ओळखला जाणारा हा ‘एडीस अल्बोपिक्टस’ मूळचा आग्नेय आशियाचा. रंगानें काळा, अंगावर पांढरे पट्टे, आणि दिवसाढवळ्या चावणारा. याचीं अंडीं कोरड्या जागीं कित्येक महिने टिकतात आणि पाणी लागतांच फुटतात. त्यामुळें जुन्या टायरचा व्यापार हेंच याचें वाहन झालें. १९७९ सालीं तो आल्बेनियांत, १९९० सालीं इटलींत आणि २००४ सालीं बार्सिलोनाजवळच्या सान कुगात येथें आढळला. त्याचें येणें किती महाग पडतें, हें इटलीला २००७ सालीं कळलें. केरळांतून आलेल्या एका प्रवाशाच्या रक्तांत चिकुनगुनियाचा विषाणु होता. तेथील डांसांनीं तो उचलला आणि रावेन्ना प्रांतांतील खेड्यांत दोनशेंहून अधिक लोक आजारी पडले. डांस एका देशाचा, विषाणु दुसऱ्या देशाचा आणि रोगी तिसऱ्या देशाचा, असा तो योग होता.

स्पेनमधील शास्त्रज्ञांपुढें अडचण होती ती जागेची. या डांसाची पाळत ठेवण्याची जुनी रीत अशी: काळ्या पेल्यांत पाणी घालून त्यांत लांकडाची पट्टी उभी करावयाची आणि ठराविक दिवसांनीं तीवर अंडीं आहेत काय तें पाहावयाचें. ही रीत भरंवशाची. परंतु असे पेले किती ठिकाणीं ठेवणार? डांस तर खासगी अंगणांत, कुंडीखालच्या बशींत आणि गच्चीवरच्या बादलींत राहणारा. तेव्हां २०१४ सालीं कीटकशास्त्रज्ञांनीं आणि संगणकतज्ज्ञांनीं मिळून मोबाइल फोनवर एक सोय केली. तीच पुढें ‘मॉस्किटो अलर्ट’ या नांवानें प्रसिद्ध झाली. नागरिकानें संशयित डांसाचें किंवा सांचलेल्या पाण्याचें छायाचित्र ठिकाणासह पाठवावें. तज्ज्ञांनीं तें पारखून उत्तर द्यावें. नोंद नकाशावर चढावी आणि तिचा उपयोग नगरपालिकेला व्हावा, अशी ही योजना होती.

सामान्य माणसाची नजर शास्त्राला कितपत उपयोगी, ही शंका साहजिक होती. तिचें उत्तर अनुभवानेंच दिलें. त्याच वर्षीं अंदालुसिया प्रांतांतील या डांसाची पहिली नोंद एका नागरिकाच्या सूचनेवरून झाली. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असें दिसून आलें कीं, लोकांच्या नोंदींतून मिळणारी सूचना पेल्यांच्या पद्धतीइतकीच विश्वसनीय असून तिचा खर्च पुष्कळ कमी आणि विस्तार मोठा आहे. २०१८ सालीं तर उत्तरेकडील आस्तुरियास प्रांतांतून आलेलें एक छायाचित्र पाहून तज्ज्ञ चकित झाले. शोध घेतां तो डांस ‘एडीस जॅपोनिकस’ निघाला. स्पेनमध्यें तो पूर्वीं कधींहि आढळलेला नव्हता, आणि युरोपांतील त्याचें सर्वांत जवळचें ज्ञात ठिकाण १३०० किलोमीटर दूर होतें. इतक्या आडबाजूला पाळत ठेवण्याचें कोणाच्या मनांतहि आलें नव्हतें.

या पद्धतीच्या मर्यादाहि स्पष्ट आहेत. जेथें वस्ती दाट तेथून सूचना अधिक येतात. ओसाड भागांतून येत नाहींत. शिवाय सूचना मिळाली म्हणजे डांस मेला असें नव्हे. स्पेनमधून तो पट्टेरी डांस हटलेला नाहीं. मात्र तो कोठें पोहोंचला आहे हें वेळेवर कळलें, तर आजारी प्रवाशाभोंवतीं बंदोबस्त करतां येतो आणि इटलीसारखा प्रसंग टाळण्याची संधि मिळते.

अशा वेळेवरच्या सूचनेचें मोल आज आफ्रिका जाणते. मुंबईच्या विहिरींत वाढलेला तो स्टीफेन्साय २०१२ सालीं लाल समुद्राच्या तोंडाशीं असलेल्या जिबूती शहरांत आढळला. त्या वर्षीं त्या देशांत हिवतापाचे रोगी अवघे २७ होते. २०२० सालीं ती संख्या ७३ हजारांवर गेली. पुढें इथिओपिया, सूदान, सोमालिया, नायजेरिया येथेंहि हा डांस सांपडला. नळाला रोज पाणी येत नाहीं, म्हणून घरोघर पिंपें भरून ठेवावीं लागतात. त्या पिंपांतच त्याला घर मिळतें. तेथील खेड्यांत फिरून डबकीं तपासणाऱ्या जुन्या व्यवस्थेला शहरांतील हा शत्रु नवा आहे.

शत्रूची ओळख अवघड नाहीं. अ‍ॅनॉफिलिसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडून असते. एडीसची डोकें खालीं करून तिरपी लोंबते. अंड्यापासून डांस होण्यास उन्हाळी हवेंत सुमारें आठवडा लागतो. म्हणूनच आठवड्यांतून एक दिवस सर्व भांडीं रिकामीं करून, कांठ घांसून कोरडीं ठेवलीं कीं ही सांखळी तुटते. महाराष्ट्रांत ‘कोरडा दिवस’ म्हणतात तो हाच.

नातालांत पहिली अळी सांपडल्यापासून सांथीच्या कहरापर्यंत आठ वर्षें गेलीं. जिबूतींतहि २७ चे ७३ हजार होण्यास आठच वर्षें लागलीं. शत्रु दोन्हीकडे सवड देतो. ती सवड हुकुमाची वाट पाहण्यांत जावी कीं घरच्या पिंपाचें झांकण उचलून पाहण्यांत, हें मात्र घरोघर ठरत असतें.