असीरगड कशाने पडला?

वाचकहो, नशिराबादहून भुसावळ गाठावे आणि खांडव्याकडे जाणाऱ्या गाडीत बसावे. केळीच्या बागा मागे टाकीत गाडी रावेरवरून बऱ्हाणपूरला जाते. तेथून उत्तरेस सातपुड्याच्या एका तुटक डोंगरावर असीरगड उभा आहे. आज तो मध्य प्रदेशात मोडतो. पण आपल्या खानदेशाचे भवितव्य एकेकाळी त्याच डोंगरावर ठरले, म्हणून त्याची हकिगत आपल्या घरचीच समजावी.

उत्तर हिंदुस्थानातून दक्षिणेत उतरणाऱ्या मुख्य वाटेवर हा गड बसला आहे. ज्याच्या हाती असीर, त्याच्या हाती दख्खनची किल्ली, असे म्हणत. सपाटीपासून आठशे फुटांवर उंच सरळ कडे, एकाच्या आत एक असे तीन तट, आणि वर पावसाचे पाणी साठविणारी तळी. पाणी आत असले की गडाचा अर्धा जीव आत असतो, हे दुष्काळ पाहिलेल्या शेतकऱ्याला सांगायला नको.

हा गड पंधराव्या शतकाच्या आरंभी फारुकी घराण्यातील नासिरखानाने आसा अहीर याच्याकडून घेतला. बायकामुलांना आसरा हवा अशी विनवणी करायची आणि डोल्यांतून हत्यारबंद माणसे आत पाठवायची, ही त्याची युक्ती फरिश्ता या इतिहासकाराने सांगितली आहे. ही गोष्ट ध्यानात असू द्या, पुढे तिची आठवण होईल.

फारुकींचे राज्य लहान. एका बाजूला गुजरात, दुसरीकडे माळवा, दक्षिणेत अहमदनगर. अशा ठिकाणी राज्य टिकवायचे तर तलवारीपेक्षा धोरण जास्त लागते. राजा अली खान हा तसा धोरणी पुरुष होता. बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत त्याने अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही कोरविला, तो आजही वाचता येतो. मोगलांचे बळ ओळखून त्याने अकबराची बाजू धरली आणि १५९७ साली गोदावरीकाठच्या लढाईत मोगलांच्या वतीने लढता लढता तो मारला गेला. त्याचा मुलगा बहादूरखान मात्र बापाच्या वाटेने गेला नाही. शाहजादा दानियालच्या भेटीलाही तो गेला नाही, आणि असीरचे दरवाजे लावून बसला.

इ. स. १६०० मध्ये अकबर स्वतः बऱ्हाणपुरात दाखल झाला. शहर सहज हाती आले, गड येईना. शेख फरीद बुखारी आणि अबुल फजल यांच्याकडे वेढ्याचे काम होते. महिने गेले. मोगलांच्या तोफा त्या कड्यांपुढे लुळ्या पडल्या. त्यातच ऑगस्टात अहमदनगर पडले आणि दख्खनेतून मदत येण्याची आशा मावळली. पण अकबरालाही सवड नव्हती. तिकडे शाहजादा सलीमने अलाहाबादेस बंडाचे निशाण उभारले होते. डिसेंबरात गडाचे बाहेरचे अंग, मालीगड, मोगलांनी घेतले. त्याच महिन्यात बहादूरखान खाली उतरून अकबरापुढे आला आणि त्याला अटकेत ठेवण्यात आले. तरीही गड मिळाला नाही! याकूतखान नावाचा हबशी सरदार आत ठाण मांडून होता. अखेर जानेवारी १६०१ मध्ये दरवाजे उघडले.

ते उघडले कसे? येथेच दोन साक्षी एकमेकींशी भांडतात. मोगल बाजूचे लेखक सांगतात की गडात साथ पसरली होती. माणसांचे पाय सुजत, दिसेनासे होई, आणि मृत्यूला खळ नव्हता. छावणीत असलेल्या जेरोम झेवियर या जेझुइट पाद्र्याकडून आलेली हकिगत वेगळी. तिच्यात अकबराने अभय देऊन राजाला बोलाविले, वचन मोडले, आणि शेवटी सोन्याच्या मोहराच तोफांचे काम करून गेल्या. याकूतखानाच्या मुलाच्या मृत्यूबद्दलही तसेच: एक म्हणतो त्याने लाजेने स्वतःवरच खंजीर चालविला, दुसरा म्हणतो बादशहाच्या हुकुमाने त्याला भोसकले. खुद्द याकूतखानाने मात्र स्वतःच जीव दिला, यावर दोन्ही साक्षी एक आहेत.

शिक्षकबंधूंनो, असा पेच आला की एक साक्ष फाडून टाकू नका. कोण कोणाचे मीठ खात होता, हे मुलांना विचारा. मोगल लेखकाला बादशहाच्या वचनभंगावर पांघरूण घालायचे होते. पाद्र्यांकडे अकबराने पोर्तुगीज तोफा मागितल्या होत्या आणि त्यांनी त्या नाकारल्या होत्या. तेव्हा त्यांचेही मन निर्लेप नव्हते. शिवाय दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असायला काय हरकत आहे? कोंडलेल्या गडात माणसे आणि जनावरे खच्चून भरली, भाजीपाला, दूधदुभते मिळेनासे झाले, की पाय सुजणे, नजर मंदावणे यात नवल नाही. अशा खंगलेल्या शिबंदीपुढे मोहरांची थैली उघडली तर ती जड जाणारच. कोठारात धान्य होते, तळ्यात पाणी होते. नव्हता तो एकमेकांवरचा भरवसा. डोलीतून आलेल्या युक्तीने मिळालेला गड अशाच वाटेने गेला.

फारुकी राज्य संपले. बहादूरखानाची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात झाली. दानियालच्या नावावरून खानदेशाला ‘दानदेश’ म्हणू लागले. फत्तेपूर सिक्रीच्या बुलंद दरवाजावरच्या लेखात ते नाव आहे. शाहजादा १६०५ साली बऱ्हाणपुरातच वारला, आणि त्याच्या नावाचे ते बारसेही फार दिवस टिकले नाही. पुढे गड मराठ्यांकडे आला. १८०३ आणि १८१९ साली इंग्रजांनी त्यालाही वेढा घातलाच.

बादशहाने दिलेले नाव दगडावर राहिले. आपण अजून खानदेशीच म्हणवतो. मुलांना असीरगड दाखवायला न्याल, तेव्हा तटाची उंची जरूर मोजा, पण त्याच्या आत कोंडलेल्या आणि कोणत्याही बखरीत नाव नसलेल्या माणसांचीही एकवार आठवण करून द्या.