पराभूतांचा काळोख : डार्क एल्फ, असुर आणि डावपेचांचे खेळ

प्रास्ताविक

संगणकावरील डावपेचांच्या खेळांत खेळाडूला प्रारंभीच एक पक्ष निवडावा लागतो. प्रत्येक पक्षाला स्वतःचे सैन्य, नगररचना, जादू आणि स्वभाव बहाल केलेला असतो. 'मास्टर ऑफ मॅजिक' (१९९४), 'एज ऑफ वंडर्स' (१९९९), 'हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक' मालिकेचा पाचवा भाग (२००६) आणि 'टोटल वॉर : वॉरहॅमर'चा दुसरा भाग (२०१७) या खेळांत 'डार्क एल्फ' हा असाच एक पक्ष आहे. एल्फ ही उत्तर युरोपच्या लोकश्रद्धेतील अतिमानवी योनी असून ढोबळमानाने तिची तुलना आपल्याकडील यक्षांशी करता येईल. डार्क एल्फ हे तिचे काळोखे रूप होय. ते बहुधा कावेबाज व क्रूर दाखविले जातात आणि अनेकदा त्यांचे राज्य भूगर्भात असते.

हा काळोख मूळ पुराणकथेतील आहे की नंतरच्या वर्गीकरणातून आलेला आहे, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. महाराष्ट्रातील असुरकथांच्या संदर्भात या प्रश्नाला विशेष महत्त्व प्राप्त होते.

नॉर्स मूळ आणि त्याचे रूपांतर

डार्क एल्फांचा मूळ आधार अत्यंत तोकडा आहे. आइसलंडचा इतिहासकार व कवी स्नोरी स्टुर्लुसन याने इ. स. १२२० च्या सुमारास रचलेल्या गद्य एड्डामध्ये 'ल्योसाल्फार' म्हणजे तेजस्वी एल्फ आणि 'दोक्काल्फार' म्हणजे काळोखे एल्फ असा भेद केला. पहिले सूर्याहून देखणे, तर दुसरे डांबराहून काळे व जमिनीखाली राहणारे, असे त्याचे वर्णन आहे. त्याच ग्रंथात 'स्वार्ताल्फार' म्हणजे काळे एल्फ हा शब्द मात्र कुशल कारागीर असलेल्या खुज्यांसाठी आलेला दिसतो. जुन्या पद्य एड्डामध्ये काळोख्या एल्फांचा असा वर्ग आढळत नाही.

आइसलंडने इ. स. १००० च्या सुमारास ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. म्हणजे स्नोरी लिहीत होता तो धर्मांतरानंतर दोन शतकांनी. देवदूत आणि सैतान या ख्रिस्ती द्वंद्वाची छाया त्याच्या वर्गीकरणावर पडली असावी, असे काही अभ्यासकांचे मत आहे. पुढे १८३५ मध्ये याकोब ग्रिम यांच्या जर्मन पुराणकथाविषयक ग्रंथात या विभागणीची चर्चा झाली आणि ती आधुनिक वाङ्मयापर्यंत पोहोचली.

या परंपरेला खेळाचे रूप देण्यात गॅरी गायगॅक्स यांचा वाटा मोठा आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाच्या १९७७ मधील राक्षससूचीत त्यांनी 'ड्राउ' या काळ्या एल्फांचा उल्लेख केला व १९७८ मधील साहसकथांत त्यांचे भूमिगत जग उभे केले. हा शब्द स्कॉटलंडच्या उत्तरेकडील बेटांच्या बोलीतला आहे. १९८८ पासून आर. ए. साल्वातोर यांच्या कादंबऱ्यांतून ड्रिझ्ट नावाचा सज्जन ड्राउ लोकप्रिय झाला. परंतु तो सज्जन ठरतो तो आपला समाज सोडूनच. समाज मात्र दुष्टच राहतो. खेळाच्या नियमावलीत स्वभाव हा संपूर्ण जमातीचा गुणधर्म ठरतो. 'एज ऑफ वंडर्स'मध्ये तर डार्क एल्फांची गणना सरळ दुष्ट पक्षांतच होते.

महाराष्ट्रातील असुर : शत्रू आणि दैवत

असुर या शब्दाचा प्रवासही याच जातीचा आहे. ऋग्वेदात वरुण, इंद्र, अग्नी या देवतांनाच असुर हे विशेषण लावलेले आढळते. उत्तरकालीन वाङ्मयात तो देवांच्या शत्रूंचा वाचक झाला. इराणी परंपरेत नेमके उलट घडले : तेथे 'अहुर' पूज्य ठरला आणि 'दएव' त्याज्य.

लोकपरंपरेने मात्र असुराला केवळ शत्रू मानून दूर लोटले नाही. मणी आणि मल्ल या दैत्यांचा खंडोबाने वध केला, अशी कथा आहे. परंतु जेजुरीला मणीची मूर्ती असून भाविक तिचेही पूजन करतात. मल्लाचे नाव तर देवाच्याच नावात सामावले : मल्लाचा अरी तो मल्लारी, म्हणजेच मल्हारी. जामखेड तालुक्यातील चौंडी हे अहिल्यादेवी होळकर यांचे जन्मगाव (१७२५). त्यांचे सासरे मल्हारराव आणि पती खंडेराव ही दोन्ही नावे होळकरांचे कुलदैवत असलेल्या खंडोबाची आहेत. पराभूत दैत्याच्या नावाचा अंश अशा रीतीने एका राजघराण्याच्या संस्थापकाच्या नावात गौरवाने नांदला.

म्हसोबाचे उदाहरण अधिक बोलके आहे. दा. ध. कोसंबी यांनी १९६२ मधील 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या ग्रंथात म्हसोबाचा संबंध महिषासुराशी जोडला. एकीकडे देवी त्याचा वध करते, तर दुसरीकडे त्याच दैवताचा देवीशी विवाह झालेला मानतात, हे त्यांनी पुणे परिसरातील ठाण्यांच्या आधारे दाखविले. पुराणातला मारला गेलेला असुर गावाच्या शिवेवर रक्षक म्हणून उभा आहे.

त्याहूनही जवळचे साम्य बळीराजाचे आहे. डार्क एल्फांप्रमाणे त्याचे राज्यही जमिनीखाली, पाताळात आहे. परंतु महाराष्ट्रात दिवाळीत ओवाळताना स्त्रिया त्याचेच राज्य यावे अशी इच्छा करतात. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मधील 'गुलामगिरी' या ग्रंथात बळीला प्रजाहितदक्ष राजा मानले आणि म्हसोबाचे नाव त्याच्या राज्यातील 'महासुभा' या अधिकारपदाशी जोडले. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीवर टिकते की नाही, हा प्रश्न वेगळा. पराभूतांविषयीची कथा जेत्यांनी रचलेली असते, हे त्यामागील सूत्र मात्र इतिहासलेखनाला आजही मार्गदर्शक आहे.

खेळांचा नवा टप्पा

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० मध्ये 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' हा खेळ प्रसिद्ध केला. तो डावपेचांचा नसून साहसाचा खेळ आहे. दुर्गा व विष्णू यांच्या साहाय्याने राजी ही मुलगी आपल्या भावाच्या शोधार्थ महाबलासुराच्या सैन्याशी झुंजते. भारतीय पुराणकथा जागतिक खेळाडूंपुढे आणण्याचा हा प्रयत्न निश्चितच स्वागतार्ह आहे. तथापि असुर येथे प्रामुख्याने संहार करावयाचा शत्रू म्हणूनच येतो.

साहसाच्या खेळाला शत्रू लागतो, हे मान्य करावे लागेल. परंतु डावपेचांच्या खेळात प्रत्येक पक्षाच्या बाजूने खेळता येते. त्यामुळे पराभूतांचा दृष्टिकोन मांडण्याची क्षमता त्यात अधिक असते. डार्क एल्फांच्या बाबतीत ती बहुतांशी वाया गेली. कारण पक्ष निवडता आला तरी त्याचा स्वभाव आधीच ठरलेला होता.

निष्कर्ष

डार्क एल्फांचा दुष्टपणा हा त्यांच्या मूळ कथेपेक्षा वर्गीकरणाचा परिणाम अधिक आहे. ग्रंथकार, भाषापंडित आणि खेळकर्ते या तिघांच्या हातून तो क्रमाक्रमाने पक्का होत गेला. मराठी मुलखात पुराणग्रंथांनी असेच वर्गीकरण केले. परंतु शिवेवरचा म्हसोबा, जेजुरीचा मणी आणि दिवाळीतला बळी यांनी ते पूर्ण होऊ दिले नाही. उद्याच्या विद्यार्थ्याला असुराची पहिली ओळख पडद्यावरील खेळातून होण्याचा संभव मोठा आहे. त्या खेळाचे आधारसाहित्य केवळ पुराणांतून घेतले गेले, तर लोकपरंपरेने शतकानुशतके जपलेली ही दुसरी बाजू एका पिढीत पुसली जाऊ शकते. यास्तव ग्रामदैवतांच्या स्थानिक कथांची गावोगाव नोंद करणे आणि ती खेळकर्त्यांना उपलब्ध करून देणे, हे इतिहास व मराठी या दोन्ही विभागांचे संयुक्त कार्य ठरते. जामखेडसारख्या तालुक्यातील महाविद्यालयांना त्यासाठी दूर जाण्याची आवश्यकता नाही. त्यांच्या विद्यार्थ्यांच्या गावांच्या शिवेपासूनच त्याचा आरंभ होऊ शकतो.