क्रमांक इथला, वाट तिथली

ठाण्याच्या लँडलाइनचा एसटीडी कोड ०२२ आणि डोंबिवलीचा ०२५१. लोकलने वीस-पंचवीस मिनिटांचे अंतर, पण टेलिफोनच्या नकाशावर मध्ये चक्क सरहद्द होती. १ एप्रिल १९८६ला मुंबई-दिल्लीसाठी महानगर टेलिफोन निगम उभे राहिले. ठाणे त्यात गेले. कल्याण-डोंबिवली दूरसंचार खात्याकडेच राहिली आणि २००० साली भारत संचार निगमच्या वाट्याला आली. मुंबईहून डोंबिवलीला फोन लावताना मध्यंतरी काही वर्षे ९५२५१ फिरवावे लागे, हे चाळिशीपुढच्या वाचकांना आठवत असेल. मोबाइलच्या परवान्यांची आखणी मात्र वेगळी झाली. मुंबईच्या मोबाइल क्षेत्रात मुंबई आणि नवी मुंबईबरोबर कल्याणच्या टेलिफोन केंद्रांचा प्रदेशही धरला गेला. त्यामुळे एकाच घरातली लँडलाइन मुंबईबाहेरची आणि मोबाइल मुंबईचा! तोच मोबाइल घेऊन पुण्याला गेले की महाराष्ट्र सर्कल लागे आणि रोमिंग सुरू होई. परक्या जाळ्यात शिरण्याचा पहिला अनुभव आमच्याकडच्या माणसाला विमानतळावर नव्हे, पुण्याच्या गाडीत आला.

परदेशप्रवासात आता सर्रास वापरल्या जाणाऱ्या ई-सिमकडे मी याच बाजूने पाहतो. त्याची गणना नव्या यंत्रांच्या नवलाईत होते. मला तो पत्त्याच्या इतिहासाचा एक टप्पा वाटतो.

१८७० साली 'ग्रेट ईस्टर्न' जहाजाने मुंबई-एडन केबल समुद्रतळाशी टाकली. २३ जुलै १९२७ला खडकी आणि दौंडच्या केंद्रांवरून इंग्लंडशी बिनतारी तारसेवा सुरू झाली. १९७१मध्ये जुन्नर तालुक्यात आर्वीला उपग्रह केंद्र आले, आणि १९७६मध्ये मुंबईहून लंडनला थेट नंबर फिरवता येऊ लागला. वेग वाढत गेला, पण एक गोष्ट शंभर वर्षे बदलली नाही. निरोप जागेला जाई, माणसाला नाही. परदेशी गेलेला मुलगा कुठल्या तरी पत्त्यावर स्थिरावेपर्यंत बेपत्ताच असे. 'सुखरूप पोहोचलो' ही तार आली की घर श्वास सोडी. पुढे पिवळ्या पीसीओच्या काचेआड घड्याळाकडे बघत बोलणारे आईवडील आले, तरी पलीकडचा फोन कुठल्या तरी भिंतीलाच टांगलेला होता.

ही गाठ सिम कार्डाने सोडवली. १९९१ साली म्युनिकच्या गीजेके अँड डेव्रिएंट कंपनीने फिनलंडच्या रेडिओलिंयासाठी पहिली सिम कार्डे बनवली. सिममधल्या 'आय'चा अर्थच ओळख. आता क्रमांक भिंतीचा नव्हता, खिशाचा होता. पण खिसा परदेशात गेला तरी त्याची दोरी घरच्या कंपनीच्या हातात राही. तिथले जाळे इथल्या कंपनीला विचारणार, हा माणूस तुमचाच का, आणि खर्च तिच्या नावे मांडणार. इंटरनेट आल्यावर तो खर्च किती फुगला, हे अनेकांनी परतल्यावर बिलातच पाहिले.

त्यावर लोकांनी शोधलेला उपाय साधा होता. उतरल्यावर तिथले सिम घ्यायचे आणि आपले काढून कागदात गुंडाळून पाकिटात ठेवायचे. इथला क्रमांक तेवढे दिवस मुका. हे चालून गेले, कारण तेव्हा क्रमांकावर फक्त फोन येत. १ ऑगस्ट २००९पासून रिझर्व्ह बँकेने कार्डाच्या ऑनलाइन व्यवहारांना जादा पडताळणी सक्तीची केली, आणि हळूहळू ओटीपी म्हणजे बँकेची किल्लीच झाली. लेकीच्या बाळंतपणासाठी सहा महिने अमेरिकेत राहणाऱ्या आजी-आजोबांचे वीजबिल, मुदतठेव, पेन्शनचे खाते, सगळे त्या कागदाच्या पुडीत अडकले. माझ्या मते ई-सिमचे खरे महत्त्व स्वस्ताईत नाही, इथे आहे.

ग्राहकांच्या उपकरणांसाठीचे त्याचे मानक २०१६मध्ये आले. भारतात जिओ आणि एअरटेलने २०१८मध्ये ते दिले. फोनमधल्या चिपमध्ये क्यूआर कोडवरून कंपनीची ओळख उतरवायची, बस. इंटरनेट तिथल्या जाळ्यावरून घ्यायचे आणि डोंबिवलीचा क्रमांक ओटीपीसाठी जागा ठेवायचा. त्याचे डेटा रोमिंग बंद, पण आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्यापूर्वीच चालू केलेले हवे. व्हॉट्सअॅप जुन्याच क्रमांकावर राहते. पत्ता आणि वाट पहिल्यांदाच वेगळ्या झाल्या. गंमत म्हणजे ही वाटही पुष्कळदा तिसऱ्याच देशातून जाते. पॅरिसमध्ये बसलेला फोन संकेतस्थळांना सिंगापूरचा वाटू शकतो.

वाट मोकळी झाली, तरी नाका उठला नाही. १८८५च्या तार कायद्याने संदेशवहनाचा अनन्य हक्क सरकारकडे ठेवला होता. जानेवारी २०२४मध्ये एअरालो आणि होलाफ्लाय ही प्रवासी ई-सिम विकणारी अॅप्स अॅपल व गूगलच्या भारतीय दुकानांतून काढली गेली, कारण परदेशी सिम इथे विकायला सरकारचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. परदेशी क्रमांकांवरून होणारी फसवणूक पाहता ही सावधगिरी मला अनाठायी वाटत नाही. मात्र प्रवाशाने परदेशी उतरून तेच ई-सिम विकत घेतले, की इथला नाका मागे पडतो.

एक सल्ला मात्र मी ओळखीच्या प्रत्येक ज्येष्ठाला देतो. घरचा क्रमांक प्लास्टिकच्या कार्डावरच राहू द्या. फोन फुटला तर कार्ड काढून दुसऱ्यात घालता येते. ई-सिम नव्या फोनवर आणायचे तर कंपनीची पडताळणी पुन्हा पार करावी लागते, आणि तीही परदेशातून. प्रवासाचे ई-सिम निघण्याआधी घरच्या वाय-फायवरच उतरवून घ्यावे. ते उतरवायलाही इंटरनेट लागते. नाही तर विमानतळावर फुकट वाय-फाय शोधणे आले, आणि बऱ्याच विमानतळांवर ते चालू करायला पुन्हा मोबाइलवर ओटीपीच मागतात.