सेवाग्रामचे दोन रेट्रो

आपल्याकडे प्रोजेक्ट संपला की रेट्रो होतो. पाऊण तासाची मीटिंग, बोर्डावर तीन रंगांच्या चिठ्ठ्या: काय जमलं, काय फसलं, पुढे काय करायचं. 'टेस्टिंगला वेळ कमी पडला' ही चिठ्ठी ठरलेलीच. ती मागच्या वेळीही होती. पण 'आपण केलं ते मुळात करायला हवं होतं का?' अशी चिठ्ठी मी तरी फारशी पाहिलेली नाही. ती लावायची म्हणजे मॅनेजरपासून क्लायंटपर्यंत सगळ्यांना अंगावर घेणं आलं.

ती चिठ्ठी खुद्द वरच्या माणसाने लावली, अशी एक मीटिंग वर्ध्यापासून आठेक किलोमीटरवर झाली होती. जागा सेवाग्राम, साल 1944, महिना सप्टेंबर. टीम अखिल भारत चरखा संघाची.

हा संघ 1925 साली पाटण्याला स्थापन झाला. काम अगदी व्यवहारी. खेड्यांत कातणाऱ्या बायकांकडून सूत घ्यायचं, विणकराकडून कापड विणून घ्यायचं आणि खादी भांडारांतून शहरी लोकांना विकायचं. आजच्या भाषेत सप्लाय चेनच म्हणा ना! मजुरी किती वाटली, किती वार कापड विकलं, याचे हिशेब चोख ठेवलेले असत. त्या हिशेबाने बघितलं तर प्रोजेक्ट यशस्वी होता. दोन वर्षांपूर्वी, 'छोडो भारत'च्या धामधुमीत, सरकारने अनेक ठिकाणी भांडारांना टाळी ठोकली, माल जप्त केला, कार्यकर्ते तुरुंगात टाकले. तरी संघ उभा होता.

गांधीजी मे 1944 मध्ये आगाखान पॅलेसमधून सुटले. तिथे आधी महादेवभाई गेले, मग कस्तुरबा. ऑगस्टमध्ये ते सेवाग्रामला परतले आणि 9 सप्टेंबरला मुंबईत जिनांबरोबरच्या वाटाघाटी सुरू व्हायच्या होत्या. डोक्यावर एवढं असताना मधल्या दिवसांत त्यांनी चरखा संघाच्या मंडळींना समोर बसवलं.

आणि सांगितलं काय, तर आपलं चुकलंय. गरिबाला चार पैसे मिळाले हे चांगलंच, पण चरखा त्यासाठी नव्हता. खेडं स्वतःच्या पायावर उभं राहावं, अहिंसेला रोजच्या जगण्यात आधार मिळावा, यासाठी तो होता. प्रत्यक्षात कातणारी बाई मजुरीसाठी कातते, स्वतः गिरणीचं कापड नेसते आणि तिची खादी जाते मुंबईला. शिवाय कारभार असा एका हाती गोळा झालेला, की सरकारने मनात आणलं तर तो एका फटक्यात मोडता येईल. तेव्हा तो गावागावांत वाटून टाका म्हणजे मोडायला काही सापडणारच नाही, असा त्यांचा आग्रह. (सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर हो, दुसरं काय!)

दोष मात्र त्यांनी आधी स्वतःकडे घेतला: मी चरखा लोकांपुढे ठेवला, पण त्यामागचा विचार समजावून दिला नाही. नॉर्मन कर्थने 2001 साली रेट्रोवर पुस्तक लिहिलं. त्यातलं मुख्य तत्त्व असं की प्रत्येकाने त्या वेळच्या माहितीनुसार जमेल तेवढं चांगलं काम केलं असं धरून चालावं. तत्त्व चांगलंच आहे. पण साहेबाने पहिली चिठ्ठी स्वतःच्या नावाची लावली की बाकीच्यांची जीभ जास्त लवकर सुटते, असं मला वाटतं.

यातून निघालेलं ॲक्शन आयटम जबर होतं. जो कातेल त्याने वापरावं, जो वापरेल त्याने कातावं. म्हणून खादीच्या किमतीचा काही भाग गिऱ्हाईकाने स्वतः कातलेल्या सुतात द्यायचा. विक्री घटली तरी चालेल! वर्ध्याचे श्रीकृष्णदास जाजू संघाचे मंत्री होते. पुढे ऑक्टोबरमध्येही गांधीजींशी त्यांची यावर सविस्तर चर्चा झाली. भांडार चालवणाऱ्या माणसाला ही कल्पना किती जड गेली असेल, तुम्हीच बघा.

दुसरा रेट्रो मार्च 1948 चा, जागा तीच. खरं तर रचनात्मक कार्यकर्त्यांची ही बैठक गांधीजींसमोर फेब्रुवारीत व्हायची होती. 30 जानेवारीला सगळंच संपलं. राजेंद्रप्रसाद, नेहरू, मौलाना आझाद, कृपलानी, कुमारप्पा, जयप्रकाश, विनोबा असे सगळे जमले. सरदार पटेल नव्हते. त्यांना काही दिवसांपूर्वीच हृदयविकाराचा झटका आला होता. गोपालकृष्ण गांधींनी या बैठकीचा वृत्तांत 2007 मध्ये इंग्रजी पुस्तकरूपाने आणला. जरूर वाचा.

महाराष्ट्रात त्या वेळी ब्राह्मणांची घरं जळून दीड महिनाही झाला नव्हता. अशा वेळी विनोबांनी भर सभेत सांगितलं, की ज्याच्या हातून हे घडलं त्याच्याच जातीतला मी आहे, हे मला विसरता येत नाही. मग त्यांनी बोट ठेवलं ते साधनांवर: साध्य चांगलं म्हणून साधन कसंही चालतं, ही सवय आपल्यातही होती.

टेबलावरची सर्वांत अवघड चिठ्ठी मात्र गांधीजींचीच होती. मृत्यूच्या आदल्या दिवशी लिहिलेल्या मसुद्यात त्यांनी काँग्रेस विसर्जित करून तिचा लोकसेवक संघ करा असं सुचवलं होतं. आता त्याच काँग्रेसचे लोक सरकार चालवत होते. फाळणीचे निर्वासित, काश्मीरची लढाई, सगळं त्यांच्या अंगावर. काँग्रेस विसर्जित झाली नाही. मी त्यासाठी नेहरूंना दोष देणार नाही, पण हा विषय चरख्यासारखा मुळापर्यंत गेला नाही हेही खरं.

बैठकीतून दोन गोष्टी निघाल्या. वेगवेगळ्या संस्थांना जोडणारा सर्व सेवा संघ, आणि ज्याला ना धड नियम ना बंधनं असा सैलसर सर्वोदय समाज. या दुसऱ्याचं एकच ठोस काम: वर्षातून एकदा भेटायचं.

खादी 1953 मध्ये सरकारी बोर्डाकडे आणि पुढे आयोगाकडे गेली. आता तिची बातमी येते ती विक्रमी उलाढालीची. सुताची अट तर कुणाला आठवतही नाही.

वर्षातून एकदा भेटायचं मात्र टिकलं. 1951 चं संमेलन हैदराबादजवळ शिवरामपल्लीला होतं. विनोबा पवनारहून तिथे पायी गेले, सुमारे तीनशे मैल. तिथून पुढे ते तेलंगणात फिरायला निघाले. 18 एप्रिलला पोचमपल्लीत दलित कुटुंबांनी 80 एकर जमीन मागितली. विनोबांनी गावालाच विचारलं, कुणी देईल का? रामचंद्र रेड्डी उठले आणि म्हणाले, मी 100 एकर देतो.