काठमांडूत आता पाहण्यासारखे काय उरले?

काठमांडूला जाऊन आलेल्यांच्या तोंडी हल्ली एक मत हमखास ऐकू येते : ‘2015च्या भूकंपात जुने सगळे पडले, आता दिसते ती नक्कल.’ या मताला विद्वानांचेही पाठबळ आहे. वास्तूंच्या जतनाविषयीच्या 1964च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेने उत्खनित अवशेषांची फेरबांधणी मुळातच वर्ज्य ठरवली. पडलेले मूळ तुकडे जुळवावेत, त्यापुढे जाऊ नये, हा तिचा दंडक.

पूर्वपक्ष भक्कम आहे खरा, पण तो पोसला आहे दगडी अवशेषांवर. काठमांडूची देवळे विटा, माती आणि सालाच्या लाकडाची. माती पाणी धरते, लाकूड कुजते. भूकंप झाला नाही तरी कधी ना कधी छप्पर उतरवून तुळया आणि टेकू बदलावेच लागतात. मूळ लाकूड हाच अस्सलपणाचा निकष मानला, तर ही देवळे भूकंपाआधीही पुरती अस्सल नव्हती. अस्सलपणा ज्या त्या संस्कृतीच्या संदर्भात तोलावा, हे जतनाविषयीच्याच 1994च्या नारा दस्तऐवजाने मान्यच केले आहे.

काष्ठमंडप या काठमांडूतल्या जुन्या लाकडी मंडपाचेच पाहा. तो बाराव्या शतकातला, असा समज होता. 25 एप्रिल 2015 रोजी तो कोसळला आणि ढिगाऱ्याखालच्या उत्खननात पाया थेट सातव्या शतकापर्यंत मागे गेला. 2022पर्यंत स्थानिकांच्या पुढाकाराने, पारंपरिक पद्धतीने तो पुन्हा उभा राहिला. आत शिरल्यावर चार थोरले खांब दिसतात. लाकूड नवे आहे. आराखडा, सांधे आणि कोरीवकामाची रीत मात्र परंपरेने आलेली.

आक्षेपकांचे एक म्हणणे मान्य करावे लागेल : नवे ते सगळेच जीर्णोद्धार ठरत नाही. धरहरा हा शहरातला मनोरा 1934च्या भूकंपात पडला, पुन्हा बांधला, 2015मध्ये परत पडला. 2021मध्ये उद्घाटन झाले ते काँक्रीटच्या मनोऱ्याचे. त्याला नक्कल म्हणा, हरकत नाही. हा फरक स्थानिकांनीच आधी ओळखला. राजा प्रताप मल्लाने 1670मध्ये बांधवलेल्या राणीपोखरी तलावाच्या दुरुस्तीत काँक्रीट येताच त्यांनी विरोध केला, काम थांबले आणि पुढे ते पारंपरिक साहित्यातच पुरे झाले.

म्हणून काठमांडूत वास्तूचे वय विचारण्याआधी ती कोणी आणि कशी बांधली, हे विचारावे. पुन्हा पडली तर ती उभी करू शकणारे हात जिथे आहेत, तिथला वारसा शाबूत आहे.