गोचिडाच्या तापावर चुंबकीय कॉइल : दावा आणि वस्तुस्थिती

परभणी : गोचिडाच्या चाव्यातून होणारा 'लाईम' हा आजार घरच्या घरी विद्युतचुंबकीय कॉइलने बरा होतो, असा दावा पाश्चात्य देशांत गेली अनेक वर्षे केला जात आहे. चुंबकीय गाद्या, पट्टे आणि 'लहरी' सोडणारी यंत्रे महाराष्ट्रातील शहरांतही विकली जातात. गुराढोरांवर संसार चालणाऱ्या परभणी जिल्ह्याला गोचीड तर नवा नाहीच. त्यामुळे या दाव्यात तथ्य किती, हे तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

आजार कोणता?

अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातील लाईम या गावावरून आजाराला हे नाव पडले. १९७५ च्या सुमारास तेथील मुलांमध्ये सांधेदुखीचे प्रमाण अचानक वाढले आणि शोध सुरू झाला. शास्त्रज्ञ विली बर्गडॉर्फर यांनी गोचिडाच्या शरीरात मळसूत्राच्या आकाराचे जंतू शोधून काढले. १९८२ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि पुढे जंतूला 'बोरेलिया बर्गडॉर्फेरी' असे नाव देण्यात आले. चाव्यानंतर ३ ते ३० दिवसांत त्वचेवर पसरत जाणारा लाल चट्टा उमटतो. ताप, थकवा आणि अंगदुखी ही सोबतची लक्षणे होत. वेळीच निदान झाल्यास डॉक्सिसायक्लिनसारख्या प्रतिजैविकाच्या दोन-तीन आठवड्यांच्या उपचाराने बहुतेक रुग्ण बरे होतात. मात्र सुमारे ५ ते १० टक्के रुग्णांना उपचारानंतरही काही महिने थकवा व वेदना जाणवत राहतात. कॉइलचा ग्राहक प्रामुख्याने याच त्रस्त वर्गातून मिळतो.

यंत्राचे स्वरूप

तांब्याच्या तारेचे वेटोळे, ध्वनिवर्धक आणि कंपने निर्माण करणारे उपकरण, एवढाच या यंत्राचा पसारा. वेटोळे दुखऱ्या भागावर ठेवून रुग्णाने काही मिनिटे बसावे, असे सांगितले जाते. या कल्पनेचे मूळ रॉयल रेमंड राईफ या अमेरिकी संशोधकाच्या १९३० च्या दशकातील दाव्यांत आहे. प्रत्येक जंतूची ठरावीक कंपनसंख्या असते आणि तीच कंपने दिली की जंतू फुटून मरतो, असे त्याचे म्हणणे होते. स्वतंत्र प्रयोगांत ते कधीही सिद्ध झाले नाही.

दावा का टिकत नाही?

सेकंदाला एक हजार कंपने असलेल्या विद्युतचुंबकीय लहरीची लांबी सुमारे ३०० किलोमीटर भरते. बोरेलियाचा जंतू जेमतेम १० ते ३० मायक्रॉन लांबीचा, म्हणजे मिलिमीटरच्या काही शतांशाएवढा! अशा लहरीने नेमका तोच जंतू हेरावा आणि शेजारच्या पेशीला धक्काही लागू नये, याला भौतिकशास्त्रात आधार नाही.

विद्युतचुंबकीय उपचार मुळातच खोटे आहेत, असेही नव्हे. न जुळणारी हाडे सांधण्यासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७९ मध्ये, तर नैराश्यावरील उपचारासाठी २००८ मध्ये अशा उपकरणांना मान्यता दिली. मात्र या उपचारांचा परिणाम शरीराच्या स्वतःच्या पेशींवर होतो, जंतूंवर नव्हे. लाईमवर उपचार म्हणून तेथे असे एकही यंत्र मान्य झालेले नाही.

कॉइल वापरल्यावर त्रास वाढला, तर 'जंतू मरत असल्याची ही खूण' असे समजावले जाते. प्रतिजैविक सुरू केल्यानंतर पहिल्या दिवसात अशी प्रतिक्रिया काही रुग्णांत खरोखर येते. पण तिचा आधार घेऊन यंत्राचे प्रत्येक अपयश यश म्हणून खपवले जाते. बरे वाटले तरी यंत्राचा गुण आणि बिघडले तरी यंत्राचाच गुण! हृदयात पेसमेकर बसवलेल्यांना तर तीव्र चुंबकीय क्षेत्र थेट धोक्याचे ठरू शकते.

आपल्याकडील धोका

लाईमचे जंतू वाहणारे 'इक्सोडिस' वर्गातील गोचीड दमट जंगलांत आढळतात. भारतात या आजाराची नोंद तुरळक आहे. मात्र गोचीड व तत्सम किड्यांपासून होणारे इतर ताप महाराष्ट्राला परिचित आहेत. सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात २०१६ मध्ये 'माकडताप' पसरला. २०१८ मध्ये विदर्भात 'स्क्रब टायफस'ने रुग्ण दगावले. गुरांवरील 'हायलोमा' गोचिडापासून होणारा क्रिमियन-काँगो ताप भारतात प्रथम २०११ मध्ये गुजरातेत निश्चित झाला.

स्क्रब टायफसवर डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त औषध गुणकारी आहे. परंतु ते लवकर सुरू व्हावे लागते. माकडताप व काँगो ताप विषाणूजन्य असल्याने तेथे हे औषध चालत नाही आणि रुग्णालयातील देखरेखच महत्त्वाची ठरते. म्हणजेच कोणता ताप आहे हे आधी ठरायला हवे. कॉइलसमोर घालवलेले पहिले चार दिवस नेमके याच निदानाचे असतात.

कायदा काय सांगतो?

औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ च्या परिशिष्टात ताप आणि संधिवात या दोहोंचा समावेश आहे. ते बरे करण्याचा दावा करणारी जाहिरात हा गुन्हा असून पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कायद्यातील 'औषध' या शब्दाच्या व्याख्येत शरीरावर परिणाम करण्यासाठी वापरायच्या वस्तूही येतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये दैवी शक्तीचा दावा करणाऱ्या 'यंत्रां'च्या दूरचित्रवाणीवरील जाहिराती राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली बेकायदा ठरवल्या. कॉइलचा विक्रेता दैवी शक्तीऐवजी विज्ञानाचे नाव घेतो, एवढाच फरक.

काय करावे?

गोचीड चिकटल्यास चिमट्याने त्वचेलगत पकडून सरळ वर ओढून काढावा. तो चिरडू नये किंवा चटका देऊ नये. जागा साबणाने धुवावी आणि तारीख लिहून ठेवावी. महिनाभरात ताप वा चट्टा दिसल्यास डॉक्टरांना चाव्याची माहिती आवर्जून द्यावी. गोठ्यातील गोचीड-निर्मूलनासाठी पशुवैद्यकांचा सल्ला घ्यावा. आजार रोखण्याची सुरुवात तेथूनच होते.