स्मारक रौप्यनाणी

स्मारक रौप्यनाणी : राष्ट्रीय महत्त्वाची घटना, थोर व्यक्ती किंवा जागतिक उपक्रम यांच्या स्मरणार्थ शासनाने पाडलेली चांदीची नाणी. कायद्याने ती चलन असली, तरी दैनंदिन व्यवहारात क्वचितच फिरतात. त्यामुळे नाणे आणि पदक यांच्या सीमारेषेवर त्यांचे स्थान आहे.

ब्रिटिश अमदानीतील प्रमाण रुपया ११.६६ ग्रॅ. वजनाचा असून त्यात ९१.७ टक्के चांदी असे. वऱ्हाडासह ग्रामीण महाराष्ट्रात असे ‘राणीछाप’ रुपये बचत म्हणून जपले जात. १९४० मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ मध्ये त्याची जागा निकेलच्या रुपयाने घेतली.

स्वतंत्र भारताची पहिली स्मारक नाणी १९६४ मध्ये पं. नेहरूंच्या स्मरणार्थ निघाली. ती निकेलची होती. चांदी परतली ती १९६९ मध्ये, महात्मा गांधी जन्मशताब्दीच्या दहा रुपयांच्या नाण्यात (वजन १५ ग्रॅ., चांदी ८० टक्के). स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त १९७२ मध्ये काढलेल्या दहा रुपयांच्या नाण्याचे वजन २२.५ ग्रॅ. झाले, मात्र चांदी ५० टक्क्यांवर उतरली. ‘अधिक धान्य पिकवा’ हा संदेश देणारी दहा व वीस रुपयांची रौप्यनाणी १९७३ ची आहेत. त्याच सुमारास महाराष्ट्र १९७२–७३ च्या भीषण दुष्काळाला तोंड देत होता. हे साल ध्यानी घेतल्यास नाण्यावरील संदेशाचा अर्थ अधिक स्पष्ट होतो.

संग्राहक नाण्याचे वजन, कस, किनार व टाकसाळीचे चिन्ह तपासतात. मुंबई टाकसाळीच्या नाण्यांवर सालाखाली बहुधा हिऱ्याच्या आकाराचे चिन्ह आढळते. कालांतराने चांदीवर काळसर छटा चढते. ती घासून काढल्यास ठशाचे बारकावे झिजतात व नाण्याचे मोल घटते. म्हणून जुनी नाणी उजळू नयेत.

अशा नाण्यांना खरा धोका त्यांच्या धातूचाच आहे. चांदीचा भाव चढला, की नाण्यातील धातूचे मूल्य दर्शनी किंमतीच्या पुढे जाते व नाणे मुशीत जाण्याची भीती वाढते. १९७९–८० मध्ये जागतिक बाजारात चांदीचे भाव असेच भडकले होते. २०११ च्या नाणे अधिनियमान्वये नाणी वितळविणे हा गुन्हा आहे. वितळलेल्या नाण्याची चांदी उरते, पण त्यावरील साल, मुद्रा व लेख कायमचे नष्ट होतात. ही साधने टिकविण्यात खाजगी संग्रहांइतकाच संस्थांचाही वाटा आहे. १९८० मध्ये स्थापन झालेली अंजनेरी (जि. नाशिक) येथील नाणकशास्त्र संशोधन संस्था आणि मुंबईतील रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय (२००४) यांचे कार्य या दृष्टीने महत्त्वाचे आहे.